पौषातला रविवार आणि आग्र्याचं धुकं

आग्र्याला जायचं ठरलं तेव्हा आत्याबाईंनी सगळ्यात आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे साताऱ्याला सासूला आत्याबाईच म्हणतात. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लाल आकडा कुठला आणि अमावस्येचा काळा गोल कुठला, हे त्यांना बरोबर कळायचं.

"आग्र्याच्या दिशी आयतवार हाय," त्या म्हणाल्या. "आन त्यो बी पौषातला."

आयतवार म्हणजे रविवार. पौषातल्या रविवारी आमच्या गावाकडच्या बायका सूर्यनारायणाचं व्रत धरतात. पहाटे अंघोळ करायची, आणि सूर्य डोळ्यांनी दिसेपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, तोंडात अन्न घ्यायचं नाही. दिसला की पाणी सोडायचं, गुळाचा खडा दाखवायचा, तोच तोंडात टाकायचा. नेरूळला हे काही जड नव्हतं. आमच्या गॅलरीतून पूर्वेचा डोंगर दिसायचा. पौषात आभाळ कसं लखलखीत असतं. डोंगराच्या कडेवर वेळेला सूर्य यायचा, आणि आत्याबाई पाणी सोडून लगेच दूधभाकरीला बसायच्या.

सहल आमच्या सोसायटीतल्या बायकांनी काढली होती. दिल्ली, मथुरा आणि मथुरेहून एका दिवसात आग्रा. ताजमहाल सूर्योदयाला दाखवणार, मग किल्ला दाखवणार, बरोबर तिथला गाइड असणार. हे ऐकून आत्याबाई खूश झाल्या. "सूर्व्याच बघाय चाललोय म्हणल्यावर आनि काय पायजे?" आम्हा सगळ्यांनाच तो योग वाटला. पौषात कुठे सूर्य दिसणार नाही, असं आमच्यापैकी कुणाच्या मनातही आलं नाही.

माझे यजमान वाशीच्या मार्केटात माल उचलायचे. त्यांना सुट्टी नव्हती. मुलांना ऐरोलीला जाऊबाईंकडे ठेवलं, आणि आत्याबाईंना सोबत म्हणून मी निघाले. निघताना ते म्हणाले, "आईच्या शुगरकडं लक्ष ठेव. कुणाला काय सांगायची वेळ आली तर सांग. गप बसू नको."

ते असं म्हणाले त्याला कारण होतं. दिवाळीत आत्याबाईंनी शुगरची गोळी घेतली आणि पाहुण्यांच्या गडबडीत खायचं राहून गेलं. ओट्यापाशी उभ्या उभ्या त्यांना घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि त्या खालीच बसल्या. डॉक्टरांनी नंतर मला समोर उभं करून सांगितलं होतं, गोळी पोटात गेली की अन्न गेलंच पाहिजे. घाम आणि थरथर दिसली तर आधी साखर द्या, मग दुसरं काय ते करा. उशीर केलात तर माणूस हातचं जाईल.

आणि गप बसण्याचं म्हणाल तर तो माझा स्वभावच होता. माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालेलं. सोसायटीतल्या बायका शिकलेल्या, भरभर बोलणाऱ्या. मी जिन्यात कुणी भेटलं तर हसायची आणि बाजूला व्हायची. आत्याबाई सगळ्यांदेखत म्हणायच्या, "आमची सून म्हंजी मातीची गौर. बसवली तिथं बसतीया."

मथुरेच्या धर्मशाळेत त्या पहाटे आत्याबाईंनी गार पाण्याने अंघोळ केली. पाण्याचा छोटा तांब्या फडक्याने तोंड बांधून मांडीवर घेतला, गुळाचा खडा पदराच्या गाठीला बांधला आणि मुक्याने बसमध्ये येऊन बसल्या.

पुढच्या सीटवर आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनी होत्या. त्या मागे वळून म्हणाल्या, "काय गं, आज सासूबाई गप्प. तुझी मज्जा आहे."

"हिला काय फरक पडतो?" दुसरी कोणी म्हणाली. "ही तर रोजच पौष पाळते."

सगळ्या हसल्या. आत्याबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. मीही हसले.

बस सुटली आणि थोड्याच वेळात तिचा वेग कमी झाला. मला वाटलं, काच धुरकटली आहे. मी हाताने पुसली. पण काच स्वच्छ होती, बाहेरच सगळं पांढरं होतं. क्लीनर दारात लोंबकळून ड्रायव्हरला रस्ता सांगत होता. "आमच्या पावणे एमआयडीसीत कंपन्यांनी धूर सोडला की अस्संच दिसतं," वहिनी म्हणाल्या. पुन्हा हशा झाला.

आग्र्याला पोचलो तेव्हा त्या पांढऱ्यात थोडा उजेड मिसळला होता. बस थांबली. आत्याबाईंनी बाहेर बघितलं, आता दिवस वर येणारच असा अंदाज केला आणि कनवटीची गोळी काढून तोंडात टाकली. नेरूळलाही त्यांचा हाच नेम होता. पूर्व पांढरी झाली की गोळी, सूर्य दिसला की भाकरी. मी बघत होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मग मी आभाळाकडे बघितलं. पूर्व कुठली आणि पश्चिम कुठली हेच कळत नव्हतं.

गाइड बसपाशी येऊन उभा होता. मफलर, हातात छत्री, तोंडात पान. "माताओं, बहनों, छतरी के पीछे पीछे!" करत तो आम्हाला घेऊन निघाला. दारावर बायकांची झडती वेगळी होत होती. लेडी पोलिसाने तांब्याचं फडकं सोडून वास घेतला, पाणी आहे बघून जाऊ दिलं. मग तिचा हात पदराच्या गाठीवर गेला.

"ये क्या है? गुड़? खाने का सामान अंदर नहीं जाएगा."

आत्याबाईंनी हात जोडले, वर आभाळाकडे बोट दाखवलं. बाईला काही कळलं नाही. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "बोलती क्यों नहीं ये?" मला सांगायचं होतं, पूजेचा आहे, राहू द्या. हिंदी शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथेच राहिले. मागून रांग ढकलत होती. गूळ टोपलीत पडला आणि आम्ही आत गेलो.

मोठ्या दरवाजातून गाइडने आम्हाला खाली बघत चालायला लावलं. "अभी नहीं... अभी नहीं... हाँ, अब देखिए!" आम्ही वर बघितलं. समोर काहीच नव्हतं. नुसतं धुकं.

"आज ताज ने घूँघट ओढ़ा है," गाइड म्हणाला. "सूरज आएगा, घूँघट उठाएगा."

"कधी येणार पण?" वहिनींनी विचारलं.

"जनवरी है, बहनजी. कभी आठ बजे, कभी बारह बजे. कभी आता ही नहीं."

तो हे हसत हसत म्हणाला. बाकीच्याही हसल्या. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी ते ऐकलं होतं. त्यांनी तांब्या छातीशी धरला आणि चालत राहिल्या.

बागेच्या मधोमध उंच संगमरवरी हौद आहे. गाइडने सगळ्यांना तिथे थांबवलं आणि बादशहाची गोष्ट सांगायला सुरुवात केली. राणी कशी गेली, किती कारागीर लागले, दगड कुठून आणले. मला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. मी आत्याबाईंच्या हातांकडे बघत होते. तांब्यावर बांधलेलं फडकं हलत होतं. मला वाटलं, थंडीने हलत असेल. थंडी होतीच तशी, सगळ्यांचे दात वाजत होते.

मग मी त्यांच्या कपाळाकडे बघितलं. कुंकवाखाली घामाचे थेंब आले होते.

मी त्यांचा हात धरला. तळवा ओला होता. "आत्याबाई, चक्कर येतीय का?" त्या बोलणार नव्हत्या. त्यांनी नाही अशी मान हलवली, पण मान हलवल्यावर डोळे जागेवर आले नाहीत, भलतीकडेच बघत राहिले. मी त्यांना हौदाच्या पायरीवर बसवलं. गाइड बोलतच होता. तीसेक बायकांच्या पाठी माझ्याकडे होत्या. मी एकीच्या शालीला हात लावला. तिला वाटलं, चुकून लागला. तिने शाल ओढून घेतली.

तेव्हा मी ओरडले. काय ओरडले ते मला नंतर वहिनींनी सांगितलं. "ओ बायांनो, गोष्ट राहू दे! साखर द्या कुणीतरी, माझी सासू मरतीया!"

गाइडची छत्री हवेतच राहिली. सगळ्या वळल्या.

"काय झालं?"

"शुगर उतरली वाटतं. अगं, कुणाकडे काही गोड आहे का?"

"सगळं बसमध्ये राहिलं ना!"

वहिनींनी ब्लाऊजमधून रुमाल काढला. त्यांना गाडी लागायची, म्हणून लिमलेटच्या गोळ्या त्या रुमालात बांधून ठेवायच्या. दारावरच्या झडतीत त्या गोळ्या कुणाला सापडल्या नव्हत्या. रुमालात तीन-चार उरल्या होत्या. मी एक सोलून आत्याबाईंच्या ओठाला लावली.

त्यांनी दात घट्ट मिटले आणि तोंड फिरवलं.

"अहो आजी, घ्या! औषध समजा."

"कोंबा जबरदस्तीने."

"नको गं, घशात अडकेल."

"सूर्य उगवलाय हो आजी, धुक्याच्या मागे आहे. देवाला कळतं सगळं."

आत्याबाईंनी मान हलवली. नाही. डोळे अर्धे मिटले होते, पण ओठ मिटलेले ते मिटलेलेच. मला त्यांचा राग आला, आणि रडूही आलं. गोळी माझ्या बोटांत चिकट होत चालली होती. त्यांना शुद्ध होती तोवरच काही करता येणार होतं. यजमानांना काय सांगू? आई गेली, हातात गोळी होती आणि गेली?

पायरीखाली लाल दगडाची फरशी होती. रात्रभर दव पडून ती करडी दिसत होती. वहिनींची चप्पल सरकली तिथे खालचा लाल रंग वर आला होता. ते बघितलं आणि मला आमच्या गावाकडचं अंगण आठवलं. पौषात तिथे बायका सूर्य काढतात. रांगोळीने अंगणात सूर्य काढायचा आणि त्याची पूजा करायची. फ्लॅटमध्ये अंगण कुठलं? म्हणून आमच्याकडे ते सुटलं होतं.

मी गुडघ्यावर बसले आणि बोटाने दवात गोल काढला. बोट फिरेल तसा लाल रंग उमटत गेला. गोलाला चहूबाजूंनी किरणं काढली. घाईत गोल धड गोल झाला नाही.

"आत्याबाई, बघा. सूर्यनारायण आला. बघा की!"

त्यांनी डोळे उघडले. फरशीकडे बघत राहिल्या. लांबून शिट्टी ऐकू आली. धुक्यातून कुणीतरी आमच्याकडे धावत येत होतं. मी तांब्याचं फडकं सोडलं, त्यांचे दोन्ही हात तांब्यावर ठेवले, वरून माझे धरले. आम्ही दोघींनी मिळून पाणी सोडलं. पाणी सूर्यावर पडलं. मग त्यांनी तोंड उघडलं.

मी गोळी आत ठेवली.

पहारेकरी दंडुका घेऊन पोचला. "क्या लिख रहे थे यहाँ? लिखना मना है!"

"कहाँ लिखा?" वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. "दिखाओ, कहाँ लिखा?"

फरशी नुसती ओली होती. पहारेकऱ्याने खाली बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग गाइडनेच त्याला बाजूला घेऊन समजावलं आणि स्वतः चहा आणायला बाहेर पळाला. इकडे आत्याबाईंनी पहिली गोळी चावून संपवली होती. मी दुसरी दिली, मग तिसरी. माझ्या खांद्यावर त्यांचं डोकं होतं. घाम हळूहळू सुकत होता, पण त्या बोलत नव्हत्या, आणि मला कळत नव्हतं की नेम म्हणून बोलत नाहीत की बोलताच येत नाही. गाइड मातीचं कुल्हड भरून चहा घेऊन आला. दारावरच्या लोकांनी त्याला कसं सोडलं ते तोच जाणे. चहा पाकासारखा गोड होता. अर्धा चहा पोटात गेला.

"डोळं काढलं न्हाईस," आत्याबाई म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

"सूर्व्याला डोळं काढत्यात. आंधळा काढलास त्याला." मग कुल्हड माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आन केवढ्यानं वरडलीस गं! त्या कबरीतली बाई उठून बसली आसंल."

वहिनी आधी हसल्या, मग सगळ्याच. मी मात्र पायरीवर बसून रडायला लागले, तेव्हा आत्याबाईंनी पदराने माझं नाक पुसलं, लहान पोराचं पुसतात तसं.

ताजमहाल आम्ही जवळ जाऊन हाताने चाचपून बघितला. पूर्ण असा तो दिसला दुपारी, आग्र्याच्या किल्ल्यावरून. गाइड दाखवत होता, बादशहाला कुठे कोंडला होता, तो कुठून बघायचा. तेव्हा धुकं फाटलं आणि नदीच्या वळणावर तो पांढराशुभ्र उभा राहिला. सगळ्या तिकडे धावल्या. आत्याबाई मात्र पाठ फिरवून वर बघत होत्या. भुरकट आभाळात फिका सूर्य होता.

त्यांनी हात जोडले. "आलास व्हय आत्ता?" त्या त्याला म्हणाल्या. "आमचं खाऊन बी झालं."

पुढचा रविवार नेरूळला आला. पहाटे मी उठले तर आत्याबाई अंघोळ करून गॅलरीत बसल्या होत्या, मुक्याने. फरशी पुसलेली होती आणि रांगोळीचा डबा शेजारी माझ्यासाठी ठेवलेला होता. डोंगरावर आभाळ अगदी स्वच्छ होतं. सूर्य दिसणार यात शंका नव्हती. तरी त्यांनी डब्याकडे बोट केलं.

मी बसले आणि आधी डोळे काढले.

माझं काढून होईपर्यंत त्या बघत होत्या. मग कनवटीतून शुगरच्या गोळ्यांची पट्टी काढून त्यांनी माझ्या ओंजळीत ठेवली, आणि डोंगराकडे बोट दाखवून, मग माझ्याकडे दाखवून खूण केली. तो दिसला की मगच गोळी, आणि ती तू दे.