मऊमामा आणि माझं बिनकेमिकल क्रीम

मऊमामांचा हात पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी दचकलेच. आखाडा बाळापूरच्या बाजारात चिखलात माझी चप्पल रुतली होती आणि एका म्हाताऱ्याने हात देऊन मला बाहेर ओढलं. तोंडावर सत्तर उन्हाळ्यांच्या सुरकुत्या, पायांना भेगा, आणि हात मात्र तान्ह्या लेकराचे! "मामा, काय लावता हो हाताला?" मी विचारलं. "मेंढरं," मामा म्हणाले.

लोकांच्या मेंढ्यांची लोकर कातरण्यात त्यांचा जन्म गेला होता. खरं नाव मतदार यादीपुरतं; शिरड शहापूरपासून बाळापूरपर्यंत सगळे मऊमामाच म्हणत. मेंढीला आडवी पाडताना ते तिची समजूत काढत, "बस गं माय, कटिंग हाय फकस्त." घरून जेवायचं बोलावणं आलं तरी अर्धी कातरलेली मेंढी सोडून उठत नसत. म्हणत, "अर्धी उघडी ठिवली तर बाकीच्या हसतेत तिला."

मी तेव्हा घरी क्रीम बनवून विकत होते. डबीवर मोठ्या दिमाखात छापलं होतं, 'कारखान्याचं काहीही नाही.' धादांत खोटं! तेल आणि पाणी एकमेकांना धरून राहावं म्हणून मी त्यात इमल्सिफायर घालत होते. मेणासारखे पांढरे दाणे, थेट कारखान्यातले. ते काही विष नव्हे, पण माझं लेबल खोटं होतं ना! मामांना कौतुकाने डबी दिली, तर बोटावर क्रीम घेऊन त्यांनी विचारलं, "पोरी, तेल-पाणी कोण धरून राहिलं यात?" अख्ख्या जिल्ह्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि शाळेची पायरी न चढलेल्या ह्या माणसाला तो बरा सुचला!

हिंगोलीच्या प्रदर्शनात मी विक्रीसाठी टेबल घेतलं होतं, त्याला पंधरा दिवस उरले होते. आता लेबल खरं करूनच जायचं, म्हणून मी ते दाणे बाजूला सारले आणि नुसतं मधमाशांचं मेण घातलं. तिसऱ्या दिवशी डबी उघडली तर वर तेल, खाली पाणी आणि मध्ये माझी अब्रू. मी रडकुंडीला येऊन मामांना सांगितलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मळक्या लोकरीचं गाठोडं अंगणात आणून टाकलं. "उकळ हे. वर तरंगंल ते गाळून घे. माझ्या हाताला जल्मभर तेच लागत आलंय." उकळी फुटली तशी आमच्या ह्यांनी वासाने घर सोडलं, ते थेट रात्री जेवायलाच परतले. पण गार झाल्यावर वर पिवळी साय धरली, लोकरीतली चरबी. ती क्रीममध्ये घातली, आणि आठ दिवस झाले तरी पाणी जागचं हललं नाही!

प्रदर्शनात पहिल्याच बाईने डबी हुंगली आणि मेंढी बांधलीय का म्हणून टेबलाखाली वाकून पाहिलं. एकही डबी खपली नाही. मी तोंड पाडून परतले तर मामा पोट धरून हसले. "मेंढीचा वास येनार न्हाई तर काय! ती काय गुलाब खाती व्हय?" मग ती चरबी आम्ही गरम पाण्यात पुन्हा पुन्हा धुतली, अगदी वास मरेपर्यंत. नव्या लेबलावर खरं ते छापलं: लोकरीची चरबी, मेण, तेल, पाणी. चरबी वाचून गिऱ्हाईक बिचकलं की माझ्या ओट्यावर बसलेले मामा परस्पर सांगत, "कापली न्हाई हो मेंढी. कटिंग करून घरी गेली, चरून राहिली आता."

यंदा मामा गेले. मला ते फार लागलं. ओट्याकडे बघवेना.

पंधरा-वीस दिवसांनी मामी आल्या. मी गुलाबाच्या वासाची नवी डबी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी हुंगली आणि परत दिली. "न धुतलेलं हाय का गं, वासाचं?"

फळीवर एक वाटी शिल्लक होती. मामींनी बोटभर घेतलं, दोन्ही हातांना चोळलं आणि हात तोंडावर धरून बसून राहिल्या. मग घाईघाईने वाटीवर झाकण घातलं. "उडून जाईल," म्हणाल्या.

आता लोकर उकळली की पहिली वाटी मामींची. ती मी धुवत नाही.