जीपला खांदा नसतो

कडूबा ड्रायव्हर शालिग्रामला फारसा माहीत नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दीड वर्ष दोघं एकाच मालकाकडे, सोनाळ्याच्या पाटलांकडे, कामाला होते, एकाच ओसरीवर जेवले, एकाच जीपमध्ये बसले. पण कडूबाचं आडनाव काय, हे शालिग्रामला आजही सांगता येणार नाही. ते त्याच्या लायसनवर असावं. लायसन नागपूरच्या सरकारचं होतं आणि कडूबा ते तेलकट फडक्यात गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवी. मागितल्याशिवाय तो ते दाखवत नसे, आणि सोनाळ्यात ते कधी कोणी मागितलं नाही.

माहीत होतं ते एवढंच. तो देऊळगाव राजाकडचा होता. आधीची दोन पोरं गेली म्हणून आईनं याचं नाव कडूबा ठेवलं, म्हणजे मरणालाही तो कडू लागावा. लढाईत त्यानं आसामच्या बाजूला लष्कराच्या मोटारी हाकल्या होत्या. बोलताना तो 'मले' न म्हणता 'मला' म्हणे, म्हणून पाटलाचे गडी त्याला साहेब म्हणत. त्याला लिहिता येत नव्हतं. महिन्यातून एकदा तो एक कार्ड घेऊन शालिग्रामकडे येई आणि दोन ओळी सांगे: "खुशाल आहे. इकडे पाऊस नाही." पाऊस असला तर "पाऊस आहे." कार्ड गोजरबाईच्या नावे जाई. गोजरबाई ही आई, बायको की बहीण, हे शालिग्रामनं विचारलं नाही. पहिल्या कार्डाला विचारायला हवं होतं. सातव्या कार्डाला विचारणं बरं दिसलं नसतं.

शालिग्राम हा पंजाबराव पाटलांचा दिवाणजी. चाळीस वर्षं त्यानं बैलगाड्या भरून घेतल्या होत्या, कापसाच्या, सरकीच्या, कडब्याच्या. त्याची भरलेली गाडी वाटेत कधी कलली नाही. त्याला अभिमान असा एवढ्याच गोष्टीचा होता.

लढाई संपल्यावर दुसऱ्या वर्षी पाटलांनी लष्करी लिलावातून जीप आणली. तिच्यामागे दोन चाकांचा एक ट्रेलर होता. गावानं त्याला वासरू म्हणायला सुरुवात केली आणि मग तेच नाव राहिलं. जीपबरोबर कडूबाही आला, म्हणजे पाटलांनी त्याला शेगावच्या स्टेशनावर कुणाला तरी विचारून मिळवला. ड्रायव्हर लष्करातला आहे म्हटल्यावर गावाला वाटलं, आता धुरळा उडणार.

धुरळा उडाला नाही. पहिल्याच दिवशी कडूबानं नाल्यापाशी जीप थांबवली, वहाणा काढल्या आणि नाला पायी ओलांडला. परत आला, मग दोन हात सरकून दुसऱ्यांदा ओलांडला. एक फेरी डाव्या चाकाची, एक उजव्या चाकाची. नंतर जीप नेली. गुडघाभर पाण्याला एवढा विचार बैलही करत नाही, असं गडी म्हणाले. पाटलानं एवढी मोटार घेतली अन् डायवर पायी चालून राह्यला, ही गोष्ट आठवडाभर गावात पुरली.

त्याचे बाकीचे नियमही असेच होते. बैलगाडीची चाकोरी जीपच्या मापाची नव्हती. एक चाक चाकोरीत गेलं की दुसरं मधल्या उंचवट्यावर चढे. म्हणून तो चाकोरीत न जाता तिच्या काठाकाठानं जाई. सुकाणू धरताना अंगठे आत घालायचे नाहीत, बाहेर ठेवायचे. दगडाला चाक आपटलं की सुकाणू गरकन फिरतं आणि आत असलेला अंगठा मोडतं. हे त्यानं कोणाला शिकवलं नाही. त्याचा डावा अंगठा वाकडा होता, तेवढं पुरे होतं. उताराच्या वरच थांबून खालचा गियर टाकायचा. मग उतार संपेपर्यंत क्लचला पाय लावायचा नाही आणि ब्रेकला शक्यतो नाहीच. अवघड उतारावर सगळ्यांनी खाली उतरून चालायचं. नदीच्या रेतीत शिरण्याआधी तो चाकांतली थोडी हवा सोडी, आणि पलीकडे गेल्यावर हातपंपानं ती परत भरावी लागे. ज्यांना जीपमध्ये बसायचं असेल त्यांनी तीस-तीस दट्टे मारायचे. एकदा पाटलांनाही मारावे लागले. त्यानंतर पंधरा दिवस ते नदीकडे गेले नाहीत.

ट्रेलर सोडला की तो जीपला जोडणाऱ्या हुकाची खीळ कडूबा खिशात टाकी. खिळीखेरीज एक साखळीही तो लावी, कारण खीळ तुटू शकते. साखळीही तुटू शकते, असं शालिग्राम एकदा म्हणाला होता. कडूबानं त्यावर विचार केला आणि मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून तो दोन साखळ्या लावू लागला.

जीप येऊन दीड वर्ष झालं, त्या चैत्रात पाटलांच्या नव्या विहिरीसाठी तेलाचं इंजिन आलं. ते संग्रामपूरच्या एका व्यापाऱ्याकडे उतरलं होतं. तिथून सोनाळ्यापर्यंत आणायचं होतं. शेजारचे जमीनदार नारायणराव म्हणाले, माझी गाडी देतो, बारा जोड्या आहेत, दुपारी येईल. पाटलांना हे लागलं. त्यांनी साऱ्या गावाला विहिरीवर बोलावलं, नारायणरावांना आधी. दिवेलागणीच्या आत इंजिन विहिरीवर आणि नारळ इंजिनावर, असं ठरलं. निघताना ते कडूबाला म्हणाले, "आज उशीर झाला तर उद्या तू आपल्या गावाले जाय." चारचौघांत बोललेला शब्द पाटील मागे घेत नसत, हे गावाला माहीत होतं. कडूबालाही ते कळलं असावं. तो चाकांचे नट तपासत होता. तपासून झाल्यावर "बरं" म्हणाला.

संग्रामपुरात पाटील व्यापाऱ्याच्या गादीवर चहाला बसले. कडूबा भाकर खायला झाडाखाली गेला. जाताना शालिग्रामला सांगून गेला की हमाल आले तर थांबवा, मी आल्यावर चढवू. हमाल आले. त्यांना बाजाराची घाई होती. शालिग्रामला वाटलं, इंजिन काय आणि कापूस काय, गाडी ती गाडीच. त्यानं सात-आठ मणाचं ते धूड फळ्यांवरून चढवून घेतलं आणि मागच्या फळीशी टेकवलं. पुढे फक्त नळ आणि पट्टा ठेवला. बैलाच्या खांद्यावर भार नको, ही त्याची चाळीस वर्षांची शिकवण. पुढे भार पडला की खांदा सुजतो, पोळ्याच्या आदल्या दिवशी तूप-हळद लावूनही उतरत नाही.

कडूबा आला. त्यानं ट्रेलरचा दांडा धरून पाहिला. तो एका बोटानं वर आला.

"दिवाणजी, असं कसं भरलं?"

शालिग्रामनं खांद्याचं सांगितलं.

"जीपला खांदा नसतो," कडूबा म्हणाला. हळूच म्हणाला, पाटील ऐकतील असं नाही. मग समजावून सांगितल्यासारखा म्हणाला, "पुढं भार लागतो. नाहीतर वासरू गायीला उचलून फेकतं."

हमाल तोवर बाजारात पांगले होते. पाटील येऊन पुढच्या सीटवर बसले होते. कडूबा त्यांना म्हणाला की भार मागं झालाय, उतरवून परत भरावं लागेल. पाटलांनी सूर्याकडे बोट केलं. कडूबानंही सूर्याकडे पाहिलं. "मग हळू जाऊ," तो म्हणाला.

हळू म्हणजे किती, हे पाटलांना नंतर कळलं. नारायणरावांच्या तीन गाड्या त्याच बाजाराहून परत चालल्या होत्या. त्यांनी जीपला मागे टाकलं. पुढच्या गाडीवरचा मोतीराम गाडीवान मागे वळून म्हणाला, "दिवाणजी, दोर देऊ काय? आमच्या गाडीले बांधून घ्या." पाटलांनी समोर बघितलं. शालिग्राम मागे बसला होता, त्यानं मागे बघितलं. मागे ट्रेलर डावीकडे जाई, मग उजवीकडे. मळणीच्या बैलासारखा तो डोलत होता.

दोन कोसांवर नाल्याचा उतार लागला. मोतीरामच्या गाड्या खाली पाण्याशी थांबून बैलांना पाणी पाजत होत्या. कडूबानं वरच जीप थांबवली आणि सगळ्यांना उतरायला सांगितलं. पाटील म्हणाले, मी बसतो. कडूबानं इंजिन बंद केलं. मोतीराम खालून पाहत होता. शेवटी पाटील उतरले.

जीप निम्म्या उतारावर गेली आणि ट्रेलरनं तिला मागून ढकललं. जीपचा मागचा भाग हलका झाला, चाकं खडीवर घसरली, ट्रेलर आडवा यायला लागला. शालिग्राम ज्या ठिकाणी बसला होता ती बाजू बाभळीच्या खोडाला घासून गेली. तिथला पत्रा अजूनही आत गेलेला आहे. कडूबानं ब्रेक दाबला नाही. त्यानं उलट थोडा जोर दिला, जीप पुढे ओढली गेली, ट्रेलर तिच्या मागे सरळ झाला, आणि दोघं पाण्याच्या अलीकडे सपाटीवर जाऊन उभे राहिले. हे सगळं दोन बैलांचं पाणी पिऊन होईपर्यंत घडलं. बैलांनी मान वर केली नाही.

कडूबा उतरला. चाकांना दगड लावले. हुकाची खीळ काढली आणि खिशात टाकली.

"आता उतरवून भरल्याशिवाय गाडी हालणार नाही," तो म्हणाला.

पाटील उतारावरून खाली आले. बाभळीवरचा ओरखडा पाहिला, आपली सीट पाहिली, मग सूर्य पाहिला. "भरलं कोनं होतं बे असं?" त्यांनी विचारलं.

इथे शालिग्रामनं बोलायला हवं होतं. तो पाटलांच्या मागे चार हातांवर उभा होता. त्याच्या तोंडात शब्द तयार होते, फार नव्हते, दोनच होते. कडूबानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"माझ्या गाडीत आहे तो भार माझा," कडूबा म्हणाला.

पाटलांना उत्तर मिळालं होतं. शालिग्रामनं दोन शब्द गिळले.

मोतीराम आणि त्याचे सोबती मदतीला आले. बाभळीची लाकडं तोडून आणली, गाडीचे दोर सोडले, इंजिन उतरवलं आणि चाकांच्या जरा पुढे बसवून आवळून बांधलं. कडूबानं दांडा उचलून पाहिला. या वेळी दोन्ही हात लागले. तेव्हा त्यानं खीळ घातली, साखळ्या लावल्या. तिथून सोनाळ्यापर्यंत जीप चांगली पळाली, ट्रेलर एकदाही हलला नाही. पण विहिरीवर पोचले तेव्हा कंदील लागले होते. मनकर्णाबाई पाटलीण ओवाळायचं तबक पदराखाली झाकून बसल्या होत्या. नारायणराव म्हणाले, काही हरकत नाही, इंजिनाला कुठे दिवस-रात्र कळते. लोक हसले. नारायणरावांच्या गाड्याही उशिरा आल्या होत्या, ते कोणाच्या लक्षात आलं नाही. कडूबानं विहिरीपाशी ट्रेलर सोडला आणि तो बाजूला जाऊन उभा राहिला. नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा त्यानं घेतला.

सकाळी पाटलांनी शब्द पाळला.

शालिग्रामनं खरं काय ते पाटलांना सांगितलं, पण आठ दिवसांनी. पाटलांनी ऐकून घेतलं. "मंग तवाच काऊन नाही सांगतलं?" एवढंच त्यांनी विचारलं. मग ते म्हणाले, लिही त्याले, ये म्हणा. शालिग्रामनं गोजरबाईच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. त्यात भार कोणी भरला होता तेही लिहिलं. तिथे ते कोण वाचून दाखवेल, किती लोकांसमोर, याचा त्यानं विचार केला आणि तरी लिहिलं. महिन्यानं उत्तर आलं. अक्षर दुसऱ्याच कुणाचं होतं. कडूबाला देऊळगाव राजाच्या एका मोटारीवर काम मिळालं होतं. खाली लिहिलं होतं: "खुशाल आहे. इकडे पाऊस नाही."

दुसरा ड्रायव्हर आला तो नाल्यापाशी थांबत नसे. पाटील स्वतःच त्याला थांबवत आणि वहाणा काढत.

शालिग्राम आणि कडूबा यांचं शेवटचं बोलणं झालं ते कडूबा निघाला त्या सकाळी, उतारूंच्या सर्व्हिस मोटारीपाशी. शालिग्राम मुद्दाम लवकर गेला होता. काय बोलायचं ते त्यानं रात्रभर ठरवलं होतं. कडूबा वळकटी घेऊन मोटारीच्या पुढच्या चाकाकडे पाहत उभा होता. त्याला त्या चाकाचं काही पटलेलं दिसत नव्हतं. शालिग्राम जवळ गेला आणि म्हणाला, "भाकर बांधून घेतली ना?"

"हो," कडूबा म्हणाला. मोटार सुरू झाली. तो चढला, आणि खिडकीतून हात बाहेर काढला. हातात हुकाची खीळ होती. "ही खिशातच राह्यली. पाटलाला द्या."

"देतो."

"साखळ्या लावत जा म्हणावं."

"दोन्ही?"

"दोन्ही," कडूबा म्हणाला.