पाच नंबरची बाटली

आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मामा एकतीस वर्षं परिचर होते. परिचर म्हणजे बाटल्या भरणारा, परीक्षानळ्या धुणारा आणि बर्नर पेटला नाही की बोलणी खाणारा. प्रत्यक्षात मुलांना प्रयोग शिकवायचे तेच. मी तिथेच शिकले, तिथेच प्राध्यापक झाले, तरी गॅसचा वास आला की आधी त्यांनाच हाक मारायचे.

चार वर्षांपूर्वी सहायकाची जागा निघाली. पदवी नाही म्हणून मामांचा अर्ज परत आला आणि त्या खुर्चीत एक ताजा पदवीधर बसला. त्याला पिपेट धरायला मामांनीच शिकवलं. दुसरी जागा पुढे निघणार होती, पण तिला वयाची अट पंचावन्नची. एक्कावन्नाव्या वर्षी मामांनी बाहेरून परीक्षा द्यायला नाव घातलं.

"वरातीमागून घोडं!" म्हणून स्टाफरूममध्ये सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होते, लपवत नाही. पदवी म्हणजे शेवटी नुसता कागद, असं वर त्यांना ऐकवलंही.

"तुमच्याकडे आहे म्हणून नुसता कागद, मॅडम," मामा म्हणाले. "मला त्याच्यावाचून बसायला स्टूलसुद्धा मिळत नाही."

लेखी परीक्षा त्यांनी ओढूनताणून काढल्या. राहिलं शेवटच्या वर्षाचं प्रात्यक्षिक. वय चौपन्न; या वेळी हुकलं की कायमचं हुकलं.

परीक्षार्थीने बाटल्या भरायच्या नाहीत, हा नियम. म्हणून त्या मी भरल्या. दहा बाटल्या, दहा क्षार; क्षारांची यादी फळ्यावर, आणि कुठल्या नंबरात काय याचा तक्ता फक्त बाहेरून आलेल्या परीक्षकांच्या हातात. मुलांनी चाचण्या करून आपल्या बाटलीतला क्षार ओळखायचा. मामांच्या वाट्याला पाच नंबर आला. तक्त्यात पाचसमोर लिहिलं होतं मॅग्नेशियम सल्फेट.

नातवंडं शोभतील अशा पोरांच्या रांगेत मामा उभे राहिले. हात नेहमीसारखे सफाईने चालत होते. मधेच मात्र ते थांबले. नळी उजेडाकडे धरली, तीच चाचणी पुन्हा केली, मग तिसऱ्यांदा केली. शेवटी पेपर देऊन, मान खाली घालून बाहेर पडले.

"निरीक्षणं लिहिलीत, पण क्षाराचं नावच नाही," परीक्षक म्हणाले. "रकाना कोरा. मी पास कसा करू?"

मला मामांचा संताप आला. हा क्षार तर ते डोळे मिटून ओळखतील! मी निरीक्षणं वाचली. कॉस्टिक सोड्याने पांढरा साका आला, जास्त घातल्यावर तो विरघळला. मॅग्नेशियमचा साका विरघळत नाही. झिंकचा विरघळतो.

पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. दोन्ही क्षार दिसायला सारखे पांढरे, कपाटात शेजारी शेजारी. मी नळी घेऊन स्वतः चाचणी केली. झिंकच होतं.

मामा जिन्यापाशी उभे होते.

"उत्तर ठाऊक होतं ना तुम्हाला?"

"होतं की."

"मग लिहिलं का नाही?"

"फळ्यावरच्या यादीत झिंक नव्हतंच. खरं लिहिलं असतं तर परीक्षकांनी बाटली तपासली असती. पोरांसमोर तुमची शोभा झाली असती." ते जमिनीकडे बघत म्हणाले, "आणि खोटं लिहायला हात धजेना."

"चार वर्षं अभ्यास केलात तो माझी अब्रू झाकायला?" मी ओरडलेच. राग माझा मलाच आला होता. त्यांच्या दंडाला धरून मी त्यांना आत नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "सर, पाच नंबरची बाटली मी चुकीची भरली. तक्ता चूक आहे. यांची निरीक्षणं बरोबर आहेत."

परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग त्यांनीही एक नळी भरली. साका आला, विरघळला.

"बोला, काय आहे हे?" त्यांनी मामांना विचारलं.

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"झिंक सल्फेट, सर."

परीक्षकांनी पेपर पुढे सरकवला. "लिहा इथे. मी सही करतो." मग माझ्याकडे वळून त्यांनी जरा कडक आवाजात विचारलं, "पण मॅडम, अशी चूक होतेच कशी?"

मी तोंड उघडायच्या आत मामाच बोलले. "त्यांचा काही दोष नाही, सर. भरायचं काम माझं. आज मी सुट्टीवर होतो."

पोरं हसली. परीक्षकही हसले. मला मात्र तिथेच, सगळ्यांसमोर, रडू फुटलं.