दोन इंच आखूड दिवाण

नऊ फूट दोन इंचांतून तीन फूट सात इंच वजा केले की किती उरतात? मी पाच फूट पाच इंच काढले होते. तेही कॅल्क्युलेटरवर. आणि मी काही अडाणी नव्हते, अंबरनाथच्या एका शाळेत नववीला गणित शिकवत होते. तेव्हाची मी आठवले की अजून हसू येतं. घट्ट अंबाडा, पर्समध्ये भावाने दिलेला कॅल्क्युलेटर, आणि चेहऱ्यावर असा भाव, की जगात चुका करतात ती फक्त मुलं. बाई चुका तपासतात.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सासूबाई मोरीत घसरल्या आणि कंबरेचं हाड मोडलं. ते जुळलं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, आजींना यापुढे जमिनीवर झोपवायचं नाही. आमचं घर मोरिवलीच्या अलीकडे, एक खोली आणि स्वयंपाकघर. पलंग बसेल अशी एकच भिंत, आणि तिच्या एका टोकाला माझं पुस्तकांचं कपाट. गावाहून मोठ्या दिरांचा निरोप आला, "रविवारी येतो. आईच्या झोपायची नीट सोय नसेल, तर तिला इकडेच घेऊन येतो."

त्यांचं काही चुकत नव्हतं. पण गावी संडास पार परसाच्या टोकाला. काठी टेकत तिथवर जाणं आईंना जमलं नसतं, आणि दुसऱ्याच्या खांद्यावर जाणं त्यांच्या जिवावर आलं असतं. "मला इथंच राहायचंय," एवढं एकदाच म्हणाल्या. मलाही त्या हव्या होत्या. माझी तान्ही मुलगी त्यांच्याच कुशीत झोपायची. पण हे मी काही बोलून दाखवलं नव्हतं. सुना तेव्हा असलं बोलत नसत.

तर मी टेप घेतली. भिंत नऊ फूट दोन इंच, कपाट तीन फूट सात इंच. नऊ पॉइंट दोन वजा तीन पॉइंट सात. बटणं टकाटक दाबली. पाच पॉइंट पाच! चिठ्ठीवर ते ऐटीत लिहिलं आणि उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात दिवाण सांगून आले.

दिवाण आला, भिंतीला लागला. आई आडव्या झाल्या, आणि त्यांच्या टाचा दिवाणाबाहेर! त्या होत्याच साडेपाच फुटांच्या, आणि डोक्याशी उशी. दिवाण आणि कपाट यांच्या मधे दोन बोटं फट दिसत होती. मी तडक उल्हासनगर गाठलं आणि दुकानदाराला फैलावर घेतलं. तो सिंधी गृहस्थ शांतपणे चहा पीत राहिला. मग माझीच चिठ्ठी माझ्यापुढे धरून म्हणाला, "भाभीजी, माप आपका, लकडी हमारी. अब बोलो."

माझ्या अक्षरात पाच फूट पाच इंच लिहिलेलं होतं. तरी घरी येताना मनात हेच, की याची टेपच खोटी असणार.

संध्याकाळी नववीची पोरं शिकवणीला आली. तेव्हा आम्ही त्यांना दहाऐवजी आठाच्या पद्धतीत बेरीज-वजाबाकी शिकवायचो, म्हणजे दहाचा नाही, आठाचा एक गठ्ठा. मी फळ्यावर बेचाळीसातून सतरा मांडले. एक पोरगा दोनाला बारा करून मोकळा झाला. मी कडाडले, "दहा कुठून आणलेस रे? हे आठाचं घर आहे. या घरात उसना घेतलास तर आठच मिळणार! दोन आणि आठ दहा, दहातून सात गेले, उरले तीन. ज्याचं घर, त्याचा हिशेब!"

बोलता बोलता माझी नजर फळ्याच्या बाजूला गेली. तिथे आईंच्या दोन टाचा लोंबत होत्या.

फळ्याच्या कोपऱ्यात मी हळूच बेरीज केली. पाच फूट पाच आणि तीन फूट सात. पाच आणि सात बारा, बारा इंचांचा एक फूट, झाले नऊ फूट. बरोब्बर नऊ. वरचे दोन इंच गायब! फुटातून उसना घेताना बारा इंच मिळतात, मी दहाच घेतले होते. कॅल्क्युलेटर बिचारा दहाचंच घर जाणत होता. पण मी?

पोरगा म्हणाला, "बाई, हे आठाचं नाही."

"नाही," मी म्हटलं, "हे बाराचं. आणि हे तुम्हाला परीक्षेला नाही."

पोरं गेल्यावर मी आईंपाशी बसले आणि सगळं सांगून टाकलं. रडूच आलं. नवा दिवाण करायला ना वेळ होता, ना ऐपत. आई आधी खो खो हसल्या, मग कंबर धरून "आई गं" म्हणाल्या, मग पुन्हा हसल्या. "जेवायचे दोन पाट आण," म्हणाल्या. ते पाट फटीत उभे केले, तर घट्ट बसले. वर गोधडीची घडी टाकली, आणि टाचा टेकल्या.

रविवारी दीर आले. जेवायला बसायचं तर पाट हवेत. आईंनी स्वतःच ते काढायला लावले आणि पुन्हा आडव्या झाल्या. दिरांचं लक्ष गेलंच. "आई, अगं पाय बाहेर येतायत तुझे. हा कसला दिवाण?"

मी घाईने त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

"मीच सांगून आखूड करून घेतला," आई म्हणाल्या. "पायांना वारा लागला नाही तर मला झोप येत नाही. तुझा बापही मला यावरून बोलायचा. जेव तू."

दीर जेवले आणि एकटेच परतले. आई त्या दिवाणावर शेवटपर्यंत झोपल्या. माझ्या मुलीने त्याच दिवाणाला धरून पहिलं पाऊल टाकलं. पुढे त्याच दुकानदाराकडून मी मुलीचं टेबल केलं, तेव्हा माप म्हणून सुतळीचा तुकडाच नेला. तो हसला आणि त्याने चहा मागवला.

त्या रविवारी दीर नजरेआड झाल्यावर मी पाट धुऊन फटीत परत लावायला घेतले. आईंनी गोधडी नीट करून घेतली, टाचा टेकवल्या आणि म्हणाल्या,

"मास्तरीणबाई, पोरांना आठाचं शिकव, नाहीतर सोळाचं शिकव. पण घरात फूट मोडशील तेव्हा त्याचे बारा तुकडे कर गं बाई, दोन माझ्या पायांसाठी."