म्हशीच्या डोहाळ्यांची चार पोती

जाफराबादच्या या फेरीचा खरा खर्च सांगतो. एसटीचं जाणं-येणं, राजूरची भजी, वर चार पोती सरकी पेंड. आणि थोडक्यात वाचली म्हणून, नाहीतर एक म्हैस.

जालन्यात माझं पशुखाद्याचं दुकान आहे. धाकट्या बहिणीची, शोभाची, म्हैस गाभण राहिली तेव्हा लेकीचे डोहाळे पुरवावेत तशी मीच पेंड धाडली. त्या म्हशीच्या दुधावर शोभाचं घर चालतं. व्याल्यावर पाचव्या दिवशी फोन आला: म्हैस चाऱ्याला तोंड लावीना.

सकाळची एसटी धरली. राजूरला थांबलात तर भज्यांसोबत तळलेली मिरची मागून घ्या. जाफराबादहून गावाकडं जीप. भरल्याबिगर हलत नाही. तेवढ्या वेळात मी शेजारी बसलेल्यांना ऐकवलं, की रात्रीचं जेवण सोडून नऊ किलो उतरवले, भूक म्हणजे निव्वळ सवय. मागून एक आजी म्हणाल्या, "कणगी भरलेली असली की वाटतंच तसं."

गोठ्यात जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हशीची पाठ दाबून बघत होत्या. एवढी पेंड कुणी घातली, असं त्यांनी विचारलं.

"दादानं धाडल्ती," शोभा माझ्याकडं न बघता म्हणाली. "लाडानं."

बाईंनी शिरेतून ग्लुकोज लावलं आणि समजावलं. अंगावरची चरबी रक्तातून मेंदूला निरोप धाडते, मेंदू त्या हिशोबानं भूक राखतो. गाभणपणी हिच्यावर चरबी फार चढली. आता दुधासाठी खायची गरज, पण मेंदूला निरोप जातोय की घरात भरपूर आहे. म्हणून खाणं तुटलं, आणि तीच चरबी भराभर वितळून जनावर आजारी पडलं. पेंड उचला, चांगला कडबा थोडा थोडा ठेवा, मी सांगेन तेव्हाच पेंड.

"मंग माझ्या मेंदूचं काय?" मी नऊ किलोंची गोष्ट सांगून विचारलं.

"तुमच्या मेंदूला उलटा निरोप गेलाय, काका. दुष्काळ पडला म्हणून. गेलेलं परत आणायला तो बराबर बसलाय."

मी हसलो.

बाई तीन दिवस रोज आल्या. तिसऱ्या सकाळी म्हशीनं कडब्याचं एक ताट ओढलं, मग दुसरं. शोभा म्हशीच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिली. मग तिनं पिठलं टाकलं. चार भाकरी खाल्ल्या मी. इतकं गोड जेवण कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

आता म्हैस दोन्ही वेळ दूध देते. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. गाभण जनावरासाठी कुणी पेंड मागितली, की आधी कितवा महिना ते विचारतो आणि मगच पोतं काढतो.

काल पोती तोलायच्या काट्यावर स्वतः उभा राहिलो. नऊ किलोंतले सात परत आलेत.