बाळाच्या नावावरचं मलम

एडेलमिरा पेद्रोसोला सहज म्हणून ‘कशा आहात’ विचारायची सोय नव्हती. ती खरं सांगायची. दाढ ठणकत असेल तर दाढ, नवऱ्याशी वाजलं असेल तर नवरा, आणि पोट साफ झालं नसेल तर तेही, भर रस्त्यात, समोरच्याच्या हातात पावाची पिशवी असताना. कार्देनास गावातली शहाणी माणसं तिला दुरूनच हात करून पुढे सटकत. सरकारी औषधालयात मात्र तिला टाळता येत नसे, कारण मागच्या खोलीत मलमं आणि काढे घोटायचं काम बावीस वर्षं तिच्याकडेच होतं. बुटकी, रुंद खांद्यांची, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली ही बाई खलबत्त्यावर वाकली की आतून येणाऱ्या आवाजावरून बाहेरच्यांना तिचा त्या दिवशीचा स्वभाव कळायचा.

अख्ख्या बेटावरचं पेट्रोल आटलं ते एक्याण्णव साली. बस बंद पडल्या आणि शाळेतून, दवाखान्यातून, हॉटेलांतून माणसांना चिनी सायकली वाटल्या गेल्या. सायकलीचं वजन बोकडाइतकं आणि सीट त्या बोकडाच्या शिंगाइतकी मऊ. एडेलमिरा साखर कारखान्याच्या वसाहतीत राहायची. सकाळी पेलाभर साखरपाणी पिऊन चौदा किलोमीटर यायचं, संध्याकाळी समुद्राचा वारा तोंडावर घेत चौदा किलोमीटर जायचं. पायांना आठवड्यात सवय झाली. ढुंगणाला होत नाही. मांडीच्या सांध्यात आधी लाल होतं, मग सोलवटतं, मग फोड येतो, आणि त्याच फोडावर दुसऱ्या दिवशी पुन्हा चौदा किलोमीटर बसायचं असतं.

हे गावभर चाललं होतं आणि गावभर कुणी बोलत नव्हतं. वीज गेली म्हणून लोक मोठमोठ्याने शिव्या घालत. साबण नाही, बूट नाहीत, मांजरं दिसेनाशी झाली, सगळं चव्हाट्यावर बोललं जाई. पण या एका दुखण्यापुढे अख्खं कार्देनास मिठाची गुळणी धरून बसलं होतं. बसलं होतं म्हणणंही खरं नाही, कारण बसवत कुणालाच नव्हतं.

झिंकचं मलम तेव्हा फक्त एक वर्षाखालच्या मुलांना मिळायचं, तेही मुलाचं कार्ड दाखवून. एक दिवस खिडकीशी एउलोहिओ मास्तर आले. एकसष्ट वर्षांचे, खेड्यातल्या शाळेत शिकवायला रोज अकरा किलोमीटर जाणारे, सदऱ्याची इस्त्री कधी न मोडणारे.

“नातवासाठी मलम हवं होतं,” ते म्हणाले.

“कोणता नातू, मास्तर? तुमचा नातू सैन्यात आहे ना?”

“धाकटा.”

“तुम्हाला धाकटा नाहीये.”

मास्तर ताठ झाले. “कॉम्रेड, तुम्ही मलम देणार आहात की माझी वंशावळ काढणार आहात?”

त्यांच्या मागे यानेलिस उभी होती. औषधालयाच्या मागच्याच गल्लीत राहणारी, एकोणीस वर्षांची. नवरा लांब कामागुएला ऊस तोडायला गेलेला आणि कडेवर सात महिन्यांचा रेइनिएर. तिने मास्तरांच्या पायांतलं अंतर पाहिलं, चालण्याची तऱ्हा पाहिली आणि पोराचं कार्ड पुढे सरकवलं.

“आमच्या रेइनिएरच्या नावावर लिहा, मावशी. त्याला काय कळतंय.”

एडेलमिराने लिहिलं. आयुष्यात थापा न मारलेल्या बाईने वहीत पहिली थाप मारली आणि नंतर तिला चटकच लागली. हॉटेलात चादरी बदलणाऱ्या बायका आल्या, दवाखान्यातल्या परिचारिका आल्या, बंदरावरचे दोन हमाल मान खाली घालून आले. प्रत्येकाच्या घरी अचानक तान्हं मूल निघायचं आणि प्रत्येक मूल शेवटी रेइनिएरच निघायचा.

बाळांच्या वाट्याच्या झिंकला मात्र तिने हात लावला नाही. तिचा एक काका सायकलवरून बेटभर शर्यती पळलेला होता. चड्डीच्या आतल्या चामड्याला तो मेंढीची चरबी चोळायचा आणि राहिलेली स्वतःला. एडेलमिराने मेंढ्या पाळणाऱ्या एका माणसाकडून चरबी आणली, मेण मिळवलं, अंगणातली कोरफड सोलली आणि आपलं मलम घोटलं. डब्या तेवढ्या बाळाच्या मलमाच्या वापरल्या, कारण दुसऱ्या नव्हत्या. आणि औषधालयातून जी डबी बाहेर जाईल तिला वहीत नाव लागायचंच.

डबी देताना ती खिडकीतून डोकं बाहेर काढून खालच्या आवाजात सांगायची. तिचा खालचा आवाज समोरच्या चौकापर्यंत जायचा. “निघायच्या आधी लावा. सोलवटल्यावर लावणारा माणूस आणि चोरी झाल्यावर कुलूप आणणारा, दोघे सारखेच. शिवण घासते तिथे लावा, आणि थापू नका, पुसटसं पुरे. घरी गेल्यावर ओली चड्डी अंगावर ठेवून गप्पा मारत बसू नका. फोड आला तर फोडू नका, दोन दिवस सायकल मेहुण्याला द्या.”

मे महिन्यात रेइनिएरच्या नावावर सदतीस डब्या लागल्या.

औषधालयाचा व्यवस्थापक लिसान्द्रो फुंदोरा हा वहीतल्या ओळी सरळ असल्या की समाधानी होणारा माणूस. त्याने आकडे वर पाठवले. वर कुणीतरी ते वाचले आणि कार्देनासमध्ये बाळांना लंगोटाच्या पुरळाची साथ आली आहे असा निष्कर्ष काढून जून महिन्यात प्रांताच्या मुख्य शहरातून, मातान्साहून, एक निरीक्षक धाडला. ओर्तेलिओ कान्यिसारेस त्याचं नाव. शाळेच्या जेवणाच्या खोलीत दुपारी सभा ठरली.

सभेच्या सकाळी फुंदोरा मागच्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं.

“एडेल, ते पोराला मातान्साच्या इस्पितळात ठेवणार आहेत. तीन आठवडे देखरेखीखाली. आईच्या नावावर हयगयीचा शेरा येईल. कागद तयार आहेत.”

“पोराला काही झालेलं नाही.”

“मग तीन आठवडे दूध पिऊन परत येईल. कुणाचं काय बिघडलं?”

“तिचं बिघडलं. एकदा शेरा आला की तिला कुठे काम मिळेल? पाळणाघरात पोराला कोण घेईल?”

“तू बोललीस तर तुझी नोकरी जाईल. वहीत अक्षर तुझं आहे.”

“माझंच आहे. चांगलं आहे ना अक्षर?” म्हणून तिने बत्ता उचलला. तो गेल्यावर मात्र ती मनात हिशोब करत राहिली. बावीस वर्षांची नोकरी, घरात आजारी नवरा आणि शिधापत्रिकेवरचं दोन माणसांचं धान्य. भीती तिलाही होती, आणि भीती वाटली याचाच तिला जास्त राग आला.

सभेला गर्दी झाली. निरीक्षक टेबलामागे बसला. पोट सुटलेलं, आवाज मऊ, बोलणं पाठ केलेलं. स्वच्छता, आईची जबाबदारी, उकळलेलं पाणी, सगळं सांगून झालं आणि मग त्याने यानेलिसला पुढे बोलावलं. ती रेइनिएरला घेऊन उभी राहिली.

“एका महिन्यात सदतीस डब्या,” तो म्हणाला. “लंगोट दिवसातून किती वेळा बदलतेस? खरं सांग.”

यानेलिसने लोकांकडे पाहिलं. मास्तर जमिनीकडे बघत होते. हॉटेलातल्या बायका एकमेकींच्या केसांकडे बघत होत्या. जिने सगळ्यांना आपलं मूल वापरायला दिलं तिच्याकडे बघायला त्या खोलीत एकालाही तोंड नव्हतं. पोरीला नावं घेता आली असती. तिने एकही घेतलं नाही.

“चुकलं माझं,” ती म्हणाली.

एडेलमिराला सकाळपासून जे सुचत नव्हतं ते त्या दोन शब्दांनी सुचलं. ती भिंतीपासून पुढे आली.

“तिचं काही चुकलेलं नाही. मलम मी घोटलं. वहीत मी लिहिलं. त्यातली एक डबीसुद्धा या पोराला लागलेली नाही.”

“मग कुणाला लागली?”

“माझ्या ढुंगणाला.”

खोलीत कुणीतरी खोकलं. निरीक्षकाचे कान लाल झाले.

“कॉम्रेड, भाषा जरा जपून.”

“दुसरा शब्द तुमच्याकडे असेल. तुम्ही मोटारीने आलात. आम्हा सायकलवाल्यांकडे हा एकच उरलाय.”

“सायकलीने आरोग्य सुधारतं, हे सिद्ध झालेलं आहे. प्रौढांमध्ये अशी तक्रार अख्ख्या प्रांतात कुठे नोंदलेली नाही.”

“नोंदणार कुठे? तुमच्या यादीत बाळाला ढुंगण आहे. मोठ्या माणसाला नाही.”

मागच्या बाजूला हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. निरीक्षकाने कागद पुढे ओढले. यानेलिसच्या नावाचा शेरा वरच होता आणि त्याने पेनाचं टोपण काढलं.

“कागद नंतर भरा,” एडेलमिरा म्हणाली. “आधी पोर बघा. इतका वेळ त्याच्या पुरळावर बोलताय, एकदा तरी बघितलंत का? सोड गं पोरी लंगोट.”

यानेलिसने टेबलावरच रेइनिएरला ठेवलं आणि लंगोट सोडला. उन्हाच्या तिरिपेत ते गुबगुबीत, डाग नसलेलं बूड सगळ्यांनी पाहिलं. निरीक्षकानेही पाहिलं. रेइनिएरने त्याचं पेन धरलं आणि तोंडात घातलं.

“आता मोठ्यांचं बघायचंय?” एडेलमिराने विचारलं. “लंगोट नाही सोडत, घाबरू नका. नुसती मान वळवा. या खोलीत साठ खुर्च्या आहेत. बसलंय कोण ते मोजा.”

निरीक्षकाने मान वळवली. खुर्च्यांच्या रांगाच्या रांगा रिकाम्या होत्या आणि शंभर माणसं भिंतींना टेकून, खांबांना धरून उभी होती. बसलेले दोघेच, तो आणि दाराशी त्याचा ड्रायव्हर. आपल्याला मान देण्यासाठी लोक उभे आहेत असं त्याला इतका वेळ वाटत होतं, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

मग मास्तर खांबापासून सुटून पुढे आले आणि त्यांनी सदरा खाली ओढून नीट केला.

“सदतीसातल्या तीन माझ्या,” ते म्हणाले. शाळेत हजेरी घेताना लागतो तोच त्यांचा आवाज होता. “लिहून घ्या. नातू वगैरे नाही, मीच.”

“दोन माझ्या,” हॉटेलातली एक म्हणाली. “आणि माझ्या बहिणीची एक, ती लाजतेय.”

“लाजत नाहीये, मला बोलू दे,” बहीण म्हणाली.

हमालांनी हात वर केले. एक परिचारिका म्हणाली की तिने चार नेल्या आणि चारही लागल्या. माणसं बोलत गेली, काही चिडून, काही हसत, आणि त्या गोंधळात यानेलिस पोराला लंगोट बांधता बांधता रडली. फुंदोरा खिडकीबाहेर बघत होता. भाच्यासाठी म्हणून नेलेल्या दोन डब्या त्याने शेवटपर्यंत सांगितल्या नाहीत.

निरीक्षकाने एकही नाव लिहून घेतलं नाही. त्याने पोराच्या तोंडातून पेन सोडवलं, इस्पितळाचा कागद शेऱ्याच्या कागदासकट चौघडी करून खिशात घातला आणि उठला. “मुलाचा विषय संपला,” तो एडेलमिराला म्हणाला. “तुमचा संपलेला नाही.”

“माझा रोज चौदा किलोमीटर चालू असतो,” ती म्हणाली.

वीस दिवसांनी पत्र आलं. नोकरी गेली नाही, बदली झाली. एल होबो नावाच्या दलदलीकडच्या खेड्यात, घरापासून सव्वीस किलोमीटर. कारण दिलं नव्हतं. फुंदोराने पोच घ्यायला कागद पुढे केला तर ती सही करेना.

“कारण लिही, मग करते.”

“मी काय लिहू?”

“काय घडलं ते.”

त्याने बराच वेळ पेन फिरवलं आणि ‘असभ्य शब्द’ एवढं लिहिलं. ते वाचून तिने झोकात सही ठोकली आणि खलबत्ता सायकलीच्या मागे बांधून निघाली. औषधालयाचा होता तो. मागायची फुंदोराची छाती झाली नाही.

सव्वीस जायचं, सव्वीस यायचं. शिक्षा देणाऱ्याने नकाशावर बोट ठेवून नीट विचार केला असावा. पहिल्या आठवड्यात ती घरी येऊन पालथी पडायची आणि त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मलमात मेण वाढवून पाहिलं, चरबी कमी केली, सीटवर मेंढीचं कातडं शिवलं, आणि महिनाभरात ती वाट तिने अंगवळणी पाडली. थकायची, पण सोलवटायची नाही, आणि हे ती विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्याला सांगायची.

एल होबोच्या वहीत तिने उसनं बाळ ठेवलं नाही. जो डबी नेईल त्याचं नाव आणि आडनाव, पुढे वय, पुढे तक्रार. तक्रारीच्या रकान्यात एकच शब्द, सुबक अक्षरात, पानामागून पान. पहिले काही दिवस लोक बिचकले. मग ऊस तोडणाऱ्या एका म्हातारीने वहीतलं आपलं नाव शेजारणीला नेऊन दाखवलं, आणि त्यानंतर आपलं नाव नसलेल्यालाच चुकल्यासारखं वाटू लागलं. वर्षाअखेरीला त्या वहीत दोनशे चौदा माणसं होती आणि वही नियमाप्रमाणे वर गेली.

मातान्साहून चिठ्ठी आली. नोंदी वाचल्या, मात्र कृपया सभ्य शब्द वापरावा.

एडेलमिराने पाठीमागे उत्तर लिहिलं. ‘कोणता ते कळवा. तोवर माणसांचं जे दुखतं तेच लिहीन.’

त्याला उत्तर आलं नाही. फेब्रुवारीत मात्र घोडागाडीतून सरकारी शिक्क्याचा एक मोठा डबा एल होबोला उतरला. आत मेंढीच्या लोकरीतून काढलेली शुद्ध चरबी होती आणि चांगलं पिवळं मेण, वर्षभर पुरेल एवढं. डब्यावर ठळक छापलं होतं, फक्त बाळांसाठी.

एडेलमिराने चूल उकरून कोळसा आणला. ती ओळ आडवी खोडली, खाली आपला शब्द दुप्पट मोठा लिहिला आणि डबा रस्त्याकडच्या खिडकीत ठेवून दिला.