एक क्रिकेटवाला, एक लेखक आणि मी

माझ्या आडनावाचा एक क्रिकेटवाला आहे आणि एक पुस्तकं लिहिणारा. दोघं लई मोठे. मी बंगळूरच्या विमानतळावर, देवनहळ्ळीला टॅक्सी चालवतो. पण मोबाइलवर आडनाव बघून पॅसेंजर विचारतातच, "त्यांचे कोण तुम्ही?" कन्नड माणूस असला की क्रिकेटवाला माझा चुलतभाऊ. पुण्याचा असला की लेखक माझे काका. पुढचं कुणी विचारायच्या आत हेब्बाळ येतं, उतरतात.

लेकीनं ऑफिसातला पुण्याचा मुलगा पसंत केला. त्याच्या वडिलांना वाचनाचं वेड. हे कळल्यावर मी त्यांना फोनवरच लेखक माझे काका म्हणून सांगून टाकलं. लेक म्हणाली, "अप्पा, हे लग्न मोडलं ना, तर तुमच्यामुळं मोडेल."

आमच्या घरात मराठी नुसती बोलायची. पिढ्यान् पिढ्या इथंच. शाळेत मी दोन वर्षं गेलो, तीही कन्नड. बसची पाटी वाचतो, बस थांबलेली असली तर.

मुलगा आईवडलांना घेऊन आला. चहा झाला. वडलांनी पिशवीतनं दोन पुस्तकं काढून समोर ठेवली. "यातलं एक तुमच्या काकांचं. वाचलंच असेल."

मी जाडं उचललं. मोठा माणूस, बारकं कशाला लिहील. डोळ्याला लावलं. "वाचलंय की. शेवटाला तर मला रडूच आलं."

"शेवटी मिरचीचं लोणचं आहे," ते म्हणाले. "हे मुलीसाठी आणलंय. काकांचं ते दुसरं."

बायको उठून आत गेली. लेक माझ्याकडं बघेना. मी म्हणालो, "साहेब, मला मराठी वाचता येत नाही. काकाही माझे नव्हेत. मुलगी तेवढी खरी आहे. तिला माझ्यावरनं बघू नका."

मग मुलानं विचारलं, "आणि क्रिकेटवाले?"

"ते स्वल्प दिवस राहू दे की."

आधी वडील हसले. मग लेक.

आता दर रविवारी व्याही फोनवर मला अक्षरं शिकवतात. परवा लग्नपत्रिकेचा नमुना आला, मराठीत. मी चष्मा लावून, वरपासून खालपर्यंत बघत, एका ठिकाणी बोट ठेवलं. "हे बघ, आपलं आडनाव."

लेक म्हणाली, "अप्पा, तो छापखान्याचा पत्ता आहे."